उलटा हात

"नाथाला हात लावू नका, सर!"

दिपिका एवढ्या जोरात ओरडली की विशाल सरांच्या हातून माऊस निसटला आणि टेबलाच्या कडेला लोंबकळायला लागला. बाहेर लोखंडी पेट्या रंगवणारे दोघे दारातून डोकावले. सरांनी खुर्ची गरकन वळवून खोलीभर नजर फिरवली.

"कोण नाथा? कुठाय?"

"तिथं, स्क्रीनवर. लाइनीच्या मधोमध."

स्क्रीनवर माणूसबिणूस कोणी नव्हता. होती ती नुसती रेघांची आणि चौकोनांची रांगोळी. डाव्या टोकाला सोलर पॅनेल, मग पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करून देणारा इन्व्हर्टर, मग दवाखान्याचा दिवा, मग लांबच लांब लाइन आणि उजव्या टोकाला बोर्डाचं ग्रिड, म्हणजे गावोगाव वीज नेणारं जाळं. लाइनीच्या पोटात विजेला अडवणारा एक इवलासा नागमोडी रेझिस्टर होता. त्याच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, नाथा.

"एक हजार ओहम," सरांनी वाचलं. "हे काय प्रकरण आहे?"

"माणूस आहे, सर. घामानं भिजलेला माणूस साधारण एवढाच भरतो. लाइट गेली म्हणून खांबावर चढलाय."

सर खो खो हसले. विशाल सर वाईट नव्हते हो, अजिबात नव्हते. रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवायचं त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. नव्याण्णव साल तोंडावर आलं होतं आणि पुढचे दिवस सोलरचे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. वडखळच्या पुढं एका ट्रस्टचा दवाखाना होता. त्याच्या छपरावर पॅनेल टाकायची आणि ती थेट बोर्डाच्या लाइनीला जोडायची, असं घाटत होतं. ट्रस्टींना कागदावर काही उमगेना. म्हणून आधी सगळं कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचं होतं, आणि ते काम आलं होतं दिपिकाकडे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली, पेणहून रोज येणारी ट्रेनी.

"मॉडेल पळवून दाखव," सर म्हणाले होते. "ऑर्डर आली की तू पर्मनंट."

पर्मनंट! हा शब्द दिपिका डब्यातल्या लोणच्यासारखा पुरवून पुरवून चाखत होती. त्या भागात मुली पॅकिंगला असायच्या, नाहीतर फोनवर. डिझाइनच्या टेबलाला मुलगी? तिच्याआधी कोणी नाही.

आता ही पोरगी मुळात एका जागी बसणारीच नव्हे. टेबलाखाली पाय सारखा हलता, पेन्सिल कधी केसांत तर कधी दातांत. आणि कॉम्प्युटर तर असला आळशी की दोन सेकंदांची वीज मोजायला त्याला चहा करून पिऊन कप विसळण्याएवढा वेळ लागायचा! तोवर दिपिका वर्कशॉपला फेऱ्या मारायची. अशाच एका फेरीत सरांनी तिची खुर्ची पकडली होती आणि नाथा त्यांच्या नजरेला पडला होता.

"ऐक," सर म्हणाले. "ग्रिड गेलं की तुझ्या मॉडेलात दिवा विझतो. वर ऊन रणरणतंय, छपरावर पॅनेल आहे आणि दवाखान्यात अंधार. ट्रस्टी म्हणतील, मग आम्ही हे घ्यायचं कशाला, आरती ओवाळायला?"

"पण ग्रिड गेलं की इन्व्हर्टरनं बंद पडलंच पाहिजे, सर. नाहीतर आपली वीज उलटी मेलेल्या लाइनीत शिरणार. आणि लाइन बंद आहे म्हणून खांबावर जो चढलाय..."

"इन्व्हर्टर बंद पाडणारा तो ट्रिपचा ठोकळा काढ. आणि हा तुझा नाथाही काढ. म्हाताऱ्या माणसांना घाबरवायचंय का? दिवा जळताना दिसला पाहिजे, बास. खरं बसवताना बघू."

"मग बॅटरी घालू? आणि चेंजओव्हर? लाइट गेली की तो दवाखान्याला लाइनीपासून आधी तोडेल, मग दिवा लावेल."

"भाव कुठं जाईल? पनवेलवाले ही ऑर्डर पळवायला टपून बसलेत." सर उठले आणि खुर्चीच्या मागं उभे राहिले. "रविवारी येतायत ते. कर."

दिपिका बसली. डिलीट दाबायला एकच बोट लागतं. ठोकळा गेला. नाथा गेला. मॉडेल पळायला लागलं, आणि चहा पिऊन होईतो स्क्रीनवर ग्रिड गेलं तरी दिवा जळतच राहिला. सरांनी टाळी वाजवली, वडापाव मागवले. खोटं कशाला सांगायचं, त्या क्षणी दिपिकालाही आनंदच झाला. वडापाव तिनं दोन खाल्ले.

ते वडापाव पचले नाहीत, पण ते पुढं, गाडीत. मालगाडीला वाट द्यायला पॅसेंजर नागोठण्याला थांबली ती थांबलीच. दिपिका खाली उतरली, पुन्हा चढली, दाराशी उभी राहिली, आत आली, पुन्हा उतरली.

"काय गो, तुझ्या चपलेत मुंग्या शिरल्या का?" मासळीची टोपली सांभाळत बसलेल्या मावरेवाल्या काशीबाईनं विचारलं. "बस की एका जागी!"

पण बसवेना.

नाथा म्हणजे तिचा बाप. वीज बोर्डाचा लाइनमन. धरमतरच्या खाडीवरून येणारं मीठ खांबावरच्या चिनी मातीच्या कपांवर बसायचं, दवात भिजायचं आणि पहाटे चरचर आवाज करत लाइन पडायची. मग सगळ्या गावाच्या शिव्या खात चढायचं नाथानं. लाइन बंद आहे असं कोणी देवाची शपथ घेऊन सांगितलं तरी तो तारेला आधी उलटा हात लावायचा. तळहात लावला आणि करंट असला तर बोटं आपोआप मिटतात, तार पकडून बसतात. उलटा हात फेकला जातो. उस्तादानं शिकवलेली ही पहिली गोष्ट.

एकदा गणपतीच्या तोंडावर लाइट गेली, आणि रंग वाळेनात म्हणून गणपतीच्या एका कारखान्यानं मेन स्विच न पाडताच जनरेटर सुरू केला. बोर्डाकडून लाइन मेलेली, कारखान्याकडून जिवंत. उलटा हात होता म्हणून नाथा फेकला गेला आणि वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र गेली. तेव्हापासून बोर्डानं त्याला पेणच्या तक्रार केंद्रात बसवलं होतं, फोनवर "लाइट येईल, साहेब, येईल" म्हणायला. आणि तेव्हापासून नाथा सगळ्यालाच आधी उलटा हात लावायचा. चहाच्या कपाला, दाराच्या कडीला, पाहुण्यांच्या बाळाला सुद्धा!

घरी पोचली तेव्हा तो ओट्यावर वाटच बघत होता.

"मग? चालली का तुझी बस?"

हा त्यांचा जुना विनोद. पुस्तकात ग्रिडला 'इन्फिनिट बस' म्हणतात, कितीही ओढा, कधी दमत नाही, कधी थांबत नाही, असं दिपिकानं एकदा वाचून दाखवलं होतं. नाथा पोट धरून हसला होता. "कधी थांबत नाय? मंग ती पेण डेपोची नसंल!"

"चालली," दिपिका म्हणाली.

"आधी जेव गो," आतून आई, पुतळी, ओरडली. मिठागरावरून येऊन ती पायाच्या भेगांना तेल लावत बसली होती. "बस थांबंल तुझी घटकाभर."

जेवताना नाथानं हळूच विचारलं, "आन मी? मी हाय ना अजून कंप्युटरात? आमच्या तक्रार केंद्रात समद्यांना सांगितलाय मी. सायबाला पन."

दिपिकानं भाकरीचा तुकडा मोडला, तसाच धरून ठेवला. "नाय बाबा. काढला आज."

"का गो?"

"लाइट गेल्यावर पन दिवा जळायला पायजे. म्हणून."

नाथाचा घास थांबला. अर्धं आयुष्य खांबावर काढलेला माणूस, त्याला आणखी काय फोड करून सांगायचं? तो पाणी प्यायला. मग हसला.

"बरा केलास. चढून चढून पाय दुखायला लागले व्हते माझे."

पुतळी खळखळून हसली. दिपिका हसली नाही. नाथानं तिच्या कपाळाला उलटा हात लावून बघितलं.

"ताप तर नाय. मंग थोबाड का असा?"

शनिवारी ट्रस्टी यायचेच नव्हते, कारण त्यांतल्या मुख्य एस्थरबाई. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावच्या राहणाऱ्या, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, दवाखान्याच्या जुन्या मेट्रन. भाऊबहिणी केव्हाच इस्रायलला गेले, या मात्र "माझे पेशंट तिकडं आहेत का?" म्हणून मागं राहिल्या. शनिवार त्यांचा धर्माचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी त्या विजेच्या बटणाला बोटही लावत नसत. म्हणून रविवार ठरला होता, आणि दिपिकाचा बदली सुट्टीचा शनिवार नुसता चुळबुळीत गेला. कपडे धुतले, धुतलेलेच पुन्हा पिळले. आई म्हणाली, "ही पोर नाय, पंखा हाय."

रविवारी ती पहिल्या गाडीनं रोह्याला पोचली. वॉचमननं कुलूप काढलं. सर यायच्या आत तिनं कॉम्प्युटर लावला. एक हजार ओहम. एन, ए, टी, एच, ए.

ट्रस्टी आले. एस्थरबाईंबरोबर धोतर नेसलेले दोन गृहस्थ होते. सर छान बोलले, सूर्यावर तर फारच छान बोलले. मॉडेल सुरू झालं आणि सगळे किती मोजून झालं त्या टक्केवारीकडे बघत बसले. चहा आला. चहा संपला.

"दोन सेकंदांना एवढा वेळ?" एस्थरबाई म्हणाल्या. "एवढ्यात मी दोन बाळंतपणं केली असती."

स्क्रीनवर ग्रिड गेलं. दिव्याकडे जाणाऱ्या विजेची रेघ तशीच डौलात चालत राहिली. धोतरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी दिपिकाकडे बघून मान हलवली, आणि त्या मानेतच तिला 'पर्मनंट' दिसलं, अगदी शिक्क्यासकट.

तिचा पाय हलायचा थांबला.

"अजून एक रेघ आहे," ती म्हणाली.

"दिपिका, पुरे," सर हळूच म्हणाले.

"नाथाची."

तिनं क्लिक केलं. आतापर्यंत निजलेली रेघ ग्रिड गेल्याक्षणी उसळली आणि वरखाली, वरखाली थडथडत राहिली.

"नाथा कोण?" एस्थरबाईंनी विचारलं.

"लाइनमन. लाइट गेली म्हणून खांबावर चढलेला. आपल्या पॅनेलची वीज त्याच्या अंगातून चाललीय. माणूस मरायला याच्या चौथाई पुरते." तिनं त्या रेघेवर बोट टेकवलं. "माझे वडील आहेत ते. म्हणजे, नाव त्यांचं आहे."

तिनं ट्रिपचा ठोकळा परत जागेवर बसवला, मॉडेल पुन्हा पळवलं. या वेळी चहा कोणी मागितला नाही. ग्रिड गेलं, दिवा विझला, आणि नाथाची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत पट्टीनं मारल्यासारखी सरळ.

एस्थरबाई पुढं वाकल्या. दवाखान्यातल्या सरळ रेघा त्यांनी कमी पाहिल्या नव्हत्या. "सरळ झाली गं," त्या म्हणाल्या. "गेला का तो?"

"नाही बाई. जगला. ह्यात सरळ म्हणजे जगला."

"आणि माझ्या टेबलावर बाई अडलेली असली, आणि दिवा विझला, तर?"

हा प्रश्नही खराच होता. दिपिकानं बॅटरीचं सांगितलं, चेंजओव्हरचं सांगितलं. महाग पडेल हेही सांगितलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते.

"कळवतो," धोतरवाले म्हणाले.

कळवलं त्यांनी. पुढच्या आठवड्यात सरांनी तिला बोलावलं.

"ट्रस्टनं बॅटरी मागितली. चेंजओव्हरही मागितला. तुझंच ऐकलं त्यांनी." सर टेबलावरचा स्क्रू उगाच फिरवत होते. "पण पनवेलवाल्यांकडे तो तयार मिळतो, स्वस्तात. त्यांनाच दिली ऑर्डर."

"मग मी..."

"तू चुकली नाहीस. पण हे टेबल आता मला परवडत नाही, दिपिका."

ती डबा पिशवीत भरत होती तेव्हा आतला प्रिंटर करकरत सुरू झाला. सरांनी कडेला भोकं असलेला तो लांब कागद फाडला आणि तिच्या हातात दिला.

घरी नाथा ओट्यावर होता. तिनं नोकरीचं एका दमात सांगून टाकलं. पुतळी दारात येऊन उभी राहिली आणि पदर खोचून पुन्हा आत गेली. दिपिकानं कागद पुढं केला.

"ह्यो मी?"

"व्हय."

"नाव तर बरोबर हाय." नाथानं कागद उजेडाकडे धरला. "नुसती रेघच हाय की गो. सरळ."

"सरळच पायजे, बाबा."

त्यानं कागद मांडीवर ठेवला, आणि सवयीनं आधी उलटा हात त्या रेघेला टेकवला. क्षणभर थांबला. काही झालं नाही. मग त्यानं हात सुलटा केला आणि उरलेली तीन बोटं त्या रेघेवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश फिरवत नेली.