निरोप कुणी घेतला नाही

जुन्या वर्तमानपत्रांची स्कॅन केलेली पानं साफ करायचं काम तिच्याकडे होतं. यंत्राला ‘घर’चं ‘धर’ दिसतं, ‘भात’चा ‘मात’ होतो. असले घोटाळे तिची स्क्रिप्ट निस्तरायची. दर पानासाठी तिचा मुख्य प्रोग्राम एक छोटा प्रोग्राम जन्माला घाली, तो आपलं पान साफ करी आणि संपे. निदान संपायला हवा होता. पण हल्ली दुपार झाली की सर्व्हर ठप्प. चालू प्रोग्रामांची यादी काढून पाहावी, तर संपलेले शेकडो छोटे प्रोग्राम तिथेच ठाण मांडून, प्रत्येकापुढे ‘डिफंक्ट’, म्हणजे मयत, असा शिक्का. ते बंद करायच्या सगळ्या आज्ञा देऊन झाल्या, एकही ढिम्म हलला नाही.

“अगं, मेलेल्याला कितीदा मारशील?” शेजारचा प्रूफरीडर म्हणाला आणि त्याने जीभ चावली. तिचा मुलगा जाऊन वर्ष होत आलं होतं, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

मुलाला घरीदारी सगळे भुंग्या म्हणत. आंघोळ करताना गडी अखंड गुणगुणायचा. दोन ओळी ह्या गाण्याच्या, दोन त्या, सूर एकही धड नाही. कॉलेजातून येताना मोटरसायकल घसरली आणि खेळ खलास. त्याआधी त्याने आईला फोन केला होता. ती मीटिंगमध्ये होती, तिने कट केला. मग त्याने व्हॉइस मेसेज पाठवला, आणि तो तिने आजतागायत ऐकला नव्हता. ऐकला की पोरगा खरंच गेला, असं तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. वेडेपणा म्हणावा, तर रोज सकाळी कुणी उठायच्या आत बाथरूमची फरशी ओली असायची. नवरा म्हणे, “नळ गळतोय, प्लंबरला सांगतो.” ती काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. दाराला कान लावला की आत गुणगुण ऐकू येई. तेवढ्यावर बाई दिवस ढकलत होती.

शेवटी तिने सर्व्हरवरची युनिक्स प्रणाली वापरणाऱ्यांच्या एका मराठी फोरमवर आपली स्क्रिप्ट टाकली. तिथे आधी चारजण अक्कल काढतात, एखादा ‘मॅन्युअल वाचा’ म्हणून नाक मुरडतो. ते सगळं यथासांग पार पडलं. मग ‘दारवान’ नावाच्या कुणीतरी लिहिलं:

“मूल संपताना एक निरोप ठेवतं. आईने तो घ्यायचा असतो. इथे आई निरोप घेत नाही, म्हणून मुलं यादीतून जाऊ शकत नाहीत. शेवटी ‘वेट’ची, म्हणजे मूल संपेपर्यंत थांबायची, ओळ घाला.”

मुख्य प्रोग्रामला बाकी सगळे ‘पेरेंट प्रोसेस’ लिहितात, ह्याने सरळ आई लिहिलं. तिला ते खटकलं. पण तिने ओळ घातली, प्रोग्राम नव्याने चालू केला, आणि यादीत एकही मयत उरला नाही.

“झालं! फार आभारी आहे,” तिने लिहिलं.

“अजून एक शिल्लक आहे.”

तिने यादी पुन्हा काढली. “नाही हो. सगळं साफ आहे.”

“तिथे नाही. घरी. फरशी ओली करतंय ते.”

फरशीचं ती घराबाहेर कुणापाशी बोलली नव्हती. “कोण तुम्ही?” तिने कसंबसं विचारलं.

“दमलंय ते, ताई. निरोप घ्या.”

“मेल्या, तुझं काय जातं?” ती पुटपुटली आणि पर्स उचलून तडक घरी निघाली. मेसेज ऐकायचा नाही, हे तिने रस्ताभर स्वतःला बजावलं. होतं तेवढं तरी तिला राखायचं होतं.

नवरा अजून आला नव्हता. बाथरूमचं दार बंद होतं आणि आत गुणगुण चालू होती. आज तिने पहिल्यांदाच नीट ऐकली. एकच ओळ होती. मधेच तुटायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची, पुन्हा तिथेच तुटायची. भुंग्याने जन्मात एक गाणं दोनदा म्हटलं नसेल. आवाजात नुसता थकवा होता. ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि तिने मेसेज लावला.

“आई, फोन उचल की गं! किल्ली विसरलोय. मी आलो की दार तूच उघड हं, बाबा नकोत, ओरडतील. चल, ठेवतो.”

एवढंच. ह्या एवढ्याला ती वर्षभर भ्यायली होती. आतली गुणगुण थांबली, कडी निघाली. “थांब ना रे,” ती म्हणाली. ओली पावलं एकेक करून फरशीवर उमटत तिच्या जवळून गेली आणि बाहेरच्या दारापाशी थांबली. तिथे पाणी साठू लागलं. किल्ली त्याच्याकडे कुठे होती? दार तिनेच उघडायचं होतं.

तिला उठवत नव्हतं. तरी ती उठली आणि तिने दार उघडलं.

“उघडलं रे, राजा.”

गुणगुण जिन्याने उतरत गेली, दोन ओळी ह्या गाण्याच्या, दोन त्या. थोड्या वेळाने नवरा वर आला. त्याच्या शर्टाची एक बाही ओलीचिंब होती.

“जिन्यात कोण होतं गं? घासून गेलं मला,” तो म्हणाला.

“प्लंबरला नको सांगूस आता,” ती म्हणाली, आणि त्या ओल्या बाहीत तोंड खुपसून हमसाहमशी रडू लागली.