हातानं निघणारे प्लग

लोक आमच्या ह्यांना खुळं म्हणायचे आणि मीही म्हणायचे. खोटं कशाला बोलू? बाल्खाश तळ्याच्या काठावर प्रत्येकीच्या नवऱ्याला काही ना काही नाद असतो. ह्यांना प्लगचा होता.

थंडीत आमच्याकडे गाडीचे प्लग रोज काढून चुलीपाशी ठेवावे लागतात, नाहीतर सकाळी गाडी ढिम्म हलत नाही. उणे तीसमध्ये पाना उघड्या हातानं धरला की कातडी त्याला चिकटून येते. म्हणून ह्यांनी दोन हिवाळे घालवून प्रत्येक प्लगवर लोखंडी कडं बसवलं आणि कड्याला दोन कान काढले. जाड हातमोज्यांनी पिळलं की प्लग निघतो, उलटं पिळलं की बसतो. पाना नको, काही नको.

"ऐतुआर, हातानं आवळलेला प्लग इंजिन हलवून ढिला करतंय," म्हातारे मच्छीमार ह्यांना म्हणायचे. "आणि बर्फावर गाडी बंद पडली तर पाणी थांबत नसतं, बाबा."

खरंच होतं ते. मार्चमध्ये थांबल्या गाडीखाली बर्फ खचतो. म्हणून आम्ही तळ्यावर गाडी घालताना दारं उघडी बांधून ठेवतो, उडी मारता यावी म्हणून.

नौरोजचा सण होऊन चार दिवस झाले होते. बर्फ काळा पडला होता आणि सकाळपासून तळं कण्हत होतं. ह्यांनी गरम प्लग व्हॅनला बसवले आणि चहाला आत आले.

"आज जाऊ नका," मी म्हणाले. "माझ्या पोटात गोळा आलाय."

"मग बाउरसाकाचे गोळे कमी तळ आणि कमी खा," म्हणाले, आणि बाराला उठव सांगून खुशाल आडवे झाले.

माझं डोकंच फिरलं. हातमोजे चढवले, व्हॅनमध्ये शिरले, इंजिनावरचं झाकण उचललं आणि कान पिळून पिळून चारही प्लग काढले. जन्मात कधी गाडीला हात लावला नव्हता. प्लग नेऊन गाद्यांच्या थरात खुपसले. उठवलं तर नाहीच.

दीड वाजता हे धडपडून उठले, बाहेर गेले, तसेच परत आले.

"अगं, प्लग कुठायत? कैरगेल्दी खोळंबला असेल!"

"भाऊजी? कुठं?"

"कुठं म्हणजे? बर्फावर! पहाटेच स्लेज ओढत जाळी काढायला गेलाय. बाराला आणायला येतो म्हणालो होतो मी."

मला वाटत होतं, धाकटा दीर सासुरवाडीला गेलाय. आता त्याला बर्फावर मरू द्यायचं, की ह्यांना बर्फावर पाठवायचं? देवा, असला प्रश्न वैरिणीलाही पडू नये. मी गाद्यांत हात घातला आणि प्लग ह्यांच्यापुढे धरले.

वाटलं, आता मारतील. हे प्लगकडे बघत राहिले आणि तोंडभर हसले.

"तू काढलेस? चारही? पान्याशिवाय?"

"आग लागो त्या पान्याला! हसताय काय?"

"अगं, तुला जमलं म्हणजे कुणालाही जमेल! आता बोलू दे म्हाताऱ्यांना."

बघता बघता प्लग बसवलेसुद्धा. दारं दोरीनं बांधली आणि व्हॅन बर्फावर उतरली. मी काठावर उभी राहून आवाज ऐकत होते. मग आवाज येईना. लांब गेले असतील, असं मनाला समजावलं.

ऊन कललं तेव्हा पलीकडच्या लव्हाळ्यातून कुणीतरी चालत आलं. गुडघ्यापर्यंत भिजलेला कैरगेल्दी.

"काय वहिनी, वाट बघून बघून डोळे फुटले माझे! बर्फ तडकायला लागला, म्हणून स्लेज तिथंच टाकली आणि काठाकाठानं आलो. दादाचे प्लग दगा देऊन बसले ना? कुठाय तो?"

मी तळ्याकडं हात केला. तो तसाच वळून पळायला लागला, तशी मी दोन्ही हातांनी त्याची बाही धरली, आणि लग्नाच्या एकवीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांचं नाव घेऊन ओरडले.