दाराची मोजणी

सकाळचा जप आटोपला की तासभर मी मौन पाळते. घरात बोलायला कोणी नसतंच, पण नेम तो नेम. त्या तासात सोल्डरिंग करते. आमचे हे रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्या शेजारी बसून शिकले होते.

यंदा टेबलावर तीन सर्किट बोर्डं होती, प्रोग्राम लिहून कामाला लावायची. एक जुनं, संथ पण विश्वासाचं. दुसरं वायफायवालं, तेही संथ, वर बॅटरी घटाघटा पिणारं. तिसरं नवं, दोन बोटांएवढं आणि भलतंच चपळ. कोणतं ठेवायचं हे ठरवायला तिघांना एकच काम दिलं. दाराच्या चौकटीला स्विच लावला, तारा तिन्हींना जोडल्या. दार उघडलं की एक मोजायचं.

बाजारातून आले तर जुन्यावर दोन, वायफायवाल्यावर दोन. जाताना एक, येताना एक. नव्याने चार दाखवले.

पिशवी हातातच राहिली. दुसरी किल्ली फक्त मुलाकडे आहे. अबोला धरून गेला त्याला दोन वर्षं झाली. माझी दोन, मग उरलेली दोन त्याची: आत आला, बाहेर गेला. बाकीची बोर्डं संथ, त्यांच्या नजरेतून सुटलं असणार. घरभर पाहिलं. खुर्ची जिथल्या तिथे, तांब्याही. पण वाटलं, तो आला तरी कशालाही हात लावणारच नाही.

दुपारी सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार ऐकून हसला.

"मावशी, नव्याचे कान फार तिखट आहेत. स्विचचा पत्रा टेकताना थरथरतो ना, ते त्याला दोनदा ऐकू येतं. जुनं आपल्यासारखं, दोन हाका मारल्या तर एक ऐकतं."

"पण कोणी घाईने येऊन गेलं असेल, तर जुन्याचं चुकेल ना?"

"माणसाच्या हाताने दार इतकं भरकन उघडतच नाही हो. कोण येणार होतं?"

"कोणी नाही."

"मग प्रोग्राममध्ये एक ओळ लिहा. एकदा मोजलं की सेकंदाचा पन्नासावा भाग काही ऐकायचं नाही."

ती ओळ लिहायला मला संध्याकाळ लागली. लिहिली नसती, तर रोज चार आले असते, तो येऊन गेल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी आकडे शून्यावर आणले, दूध घेऊन आले, जप केला आणि मौनाला बसले. तिन्ही बोर्डांवर दोन होते. नवं दाराशी कायमचं बसवलं. वीज कमी खातं, आता खरंही बोलतं. मौन सुटायला दहा मिनिटं उरली होती, तेवढी बसून काढली. मग मुलाला फोन लावला. दोन वर्षांत प्रथमच.

त्याने उचलला नाही. बीप वाजल्यावर निरोप ठेवला.

"मी आई. कुलूप बदललेलं नाही, आणि आतली कडी मी लावत नाही."