चक्क्याचं फडकं

चक्क्याला वास येत होता. दह्याचा असता तर मृणालिनीला कळलं असतं. हा पाइनच्या झाडाचा होता आणि त्याच्या मागून पपनसाच्या सालीचा. तिने बोटाच्या टोकावर थोडा चक्का घेतला. आधी आंबट, मग जिभेच्या मागे सावकाश पसरत जाणारा कडवटपणा. हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेल्या बाईने शंका आली की नमुना पुन्हा तपासायचा असतो. तिने पुन्हा चाखला. तेच.

“अहो, जरा इकडे या,” तिने हाक मारली.

हेमचंद्र गॅरेजमधून हात पुसत आला. सिंकवर वाळत घातलेल्या मलमलच्या फडक्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि नंतर पुन्हा पाहायचं टाळलं. एवढ्यावरून तिला सगळं कळलं.

शेजारी राहणाऱ्या डेलच्या कुंपणावर हॉप्सचे वेल होते. बिअरला कडवटपणा आणि वास देतात ती हॉप्सची फुलं: फिकट हिरवी, कागदी पाकळ्यांची, आत चिकट पिवळी पूड. हेमचंद्र घरी सफरचंदांची दारू, सायडर, करे; तिच्यात मूठभर टाक, इतर दोष झाकले जातात, असं डेलने सांगितलं होतं. फुलं मोकळी सोडायची नाहीत, कापडात बांधायची. हेमचंद्रने स्वयंपाकघराचा खण उघडला आणि हाताला आलं ते फडकं घेतलं. पुरचुंडी बुडावी म्हणून आत पुरणयंत्राची चकतीही घातली. सायडर बाटल्यांत भरून झाल्यावर त्याने फडकं धुऊन, घडी करून जागच्या जागी ठेवून दिलं होतं. त्यातच काल रात्रभर दही टांगलेलं होतं.

“मी चांगलं खळबळून धुतलं होतं,” तो म्हणाला.

“साबणाने?”

“चक्क्याच्या फडक्याला साबण लावायचा नाही, असं तूच सांगितलंयस.”

या घरात मृणालिनीने केलेल्या अनेक नियमांपैकी त्याने मनापासून पाळलेला बहुधा हा एकच. हॉप्सचं तेल नुसत्या पाण्याने जात नाही. दह्याच्या स्निग्धांशात मात्र ते आनंदाने उतरतं. हे तिने त्याला समजावून सांगितलं असतं, पण पाहुणे दुपारी जेवायला येणार होते.

त्याने चमचाभर चक्का खाऊन पाहिला आणि आपल्याला तर काही लागत नाही, असं जाहीर केलं. त्याच्या जिभेवर तिचा विश्वास नव्हता. ती जीभ गेली कित्येक वर्षं त्याचीच सायडर पीत होती.

शहराच्या सांडपाणी प्रकल्पावर इंजिनिअर म्हणून काम करून हेमचंद्र निवृत्त झाला, त्या सप्टेंबरात मागच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड वाकेपर्यंत लगडलं होतं. झाड त्यांनीच लावलेलं, अमेरिकेतल्या या डब्लिनला घर घेतलं तेव्हा. सफरचंदं आंबट, पाईलाही न चालणारी. त्याने त्यांचा रस काढून आंबवायला ठेवला. तेव्हापासून दर दसऱ्याला पाहुण्यांना एकेक ग्लास सायडर मिळे. सगळे एक घोट घेत, ग्लास उजेडात धरत आणि म्हणत, “वेगळंच लागतं हं.” नंतर ग्लास पुस्तकांच्या शेल्फवर, खिडकीत, एकदा तर गणपतीमागेही सापडत. दिवाणखान्यातला रबर प्लांट तिने या कारणासाठी दोनदा बदलला होता. जन्मभर लोकांचं सांडपाणी साफ केलं, आता फिटंफाट करताय, असं ती त्याला म्हणे. तो हसे आणि पुढच्या वर्षी यीस्ट बदलून पाही.

यंदा घर विकलं होतं. महिनाअखेर दोघं सांता क्लाराला मुलीकडे, नेत्राकडे जाणार होती. नेत्राचं गॅरेज आधीच भरलेलं होतं, आणि सायडरच्या बादल्या, नळ्या, काचेची भांडी यांना तिथे जागा नाही, हे तिने फोनवर प्रेमाने पण स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा हेमचंद्रने स्वतःच तोडगा काढला. या दसऱ्याला एकाने जरी आपणहून दुसरा ग्लास मागितला, तर सामान बरोबर येईल. नाही मागितला, तर तो ते सगळं डेलला देऊन टाकेल आणि पुन्हा विषय काढणार नाही. ठरल्याप्रमाणे दिवाणखान्यात त्या सामानाचं खोकं झाकण न लावता ठेवलेलं होतं.

इंडियन स्टोअरमध्ये श्रीखंडाचे डबे मिळत होते. पण दसऱ्याला या घरात डब्यातलं श्रीखंड कधी आलं नव्हतं, आणि शेवटच्या वर्षी ते आणायला मृणालिनी तयार नव्हती. तिने साखर वाढवली, केशर दुप्पट केलं, जायफळ उगाळलं. वास दबला. चव नाही.

पाहुणे नेहमीचेच होते. तिची जुनी मैत्रीण डॉक्टर शैलजा, नागपूरहून आलेला आयटीतला अनीश आणि त्याची बायको आश्लेषा, शिवाय डेल. सोनं म्हणून रेडबडची पानं वाटली गेली. ते झाड आपट्याच्याच कुळातलं, हे मृणालिनीने दरवर्षी सांगितलं होतं, म्हणून आज सांगितलं नाही. हेमचंद्रने सगळ्यांचे ग्लास भरले, एक-एक घोट झाला, आणि कुणीतरी ‘वेगळंच लागतं’ म्हणालं. तो मान डोलावून बसला. जेवताना त्याची नजर ताटांवर नव्हती, ग्लासांवर होती.

मग श्रीखंड वाढलं गेलं. शैलजाने पहिला चमचा तोंडात घातला. तिचा हात क्षणभर थांबला.

“मृणाल,” ती म्हणाली, “वेगळंच लागतंय हं.”

मृणालिनीच्या कानांना ते शब्द, तो सूर, त्यातली ती लांबवलेली ‘हं’ सगळं चांगलं माहीत होतं. फक्त ते आजवर तिच्या बाजूला कधी आलं नव्हतं. मागच्या वर्षीच्या श्रीखंडाला शैलजा नेमकं काय म्हणाली होती, ते ती आठवू लागली.

डेलने श्रीखंड म्हणजे डिप समजून त्यात पुरी बुडवली आणि चावताना डोळे मिटून घेतले. आश्लेषा वाटीत चमचा फिरवत राहिली. अनीश संस्कारी मुलगा होता. त्याने वाटी संपवली, ग्लास संपवला, आणि ग्लास पुढे केला.

“काका, अजून थोडी मिळेल?”

“काय म्हणालास?” हेमचंद्रने विचारलं. त्याला कमी ऐकू येत नव्हतं.

“सायडर, काका. अजून थोडी. यंदा मस्त झालीय यार, सॉरी, काका.”

हेमचंद्र उठला. बाटली फ्रिजमध्ये होती, पण तो आधी उगाचच गॅरेजकडे गेला आणि तिथून परत आला. त्याने ओतलं तेव्हा थोडी सायडर टेबलावर सांडली. तेवढ्यात शैलजानेही आपला ग्लास पुढे सरकवला.

मृणालिनी वाट्या उचलून आत गेली. ओट्यावर कुणाचातरी अर्धा ग्लास होता. तिने आधी पाण्याने चूळ भरली आणि नुसती सायडर चाखली. नेहमीसारखीच: व्हिनेगरची धाकटी बहीण. मग चमचाभर श्रीखंड खाल्लं आणि पुन्हा एक घोट घेतला. आता ती आवळ्यानंतरच्या पाण्यासारखी गोडसर लागली, सफरचंदाचा वासही आला. प्रयोग पक्का करायला तिने उलट क्रमानेही करून पाहिला. निष्कर्षात फरक पडला नाही.

बाहेर नेत्राचा फोन आला होता. स्पीकरवर तिचा आवाज ऐकू येत होता. “बाबा, नो वे. आपणहून?” हेमचंद्र म्हणाला, तुझ्या आईला विचार, ती खोटं बोलत नाही.

मृणालिनी दारात आली. सगळे तिच्याकडे पाहत होते, शैलजा जरा जास्तच.

“दोघांनी मागितला,” ती म्हणाली. “मी बघत होते.”

“आई, रिअली?”

“हो. त्यांच्या खोक्याला जागा कर.”

पाहुणे गेल्यावर हेमचंद्र खिडकीशी उभा राहिला. नव्या मालकांना मुलांसाठी अंगणात ट्रॅम्पोलिन ठेवायचं होतं, आणि झाड नेमकं मध्ये येत होतं. फ्रिजमध्ये जवळजवळ भरलेलं श्रीखंडाचं पातेलं बघून तो म्हणाला, “लोकांना चवच नाही, मृणाल. मनाला लावून घेऊ नकोस.”

“नाही लावून घेत,” ती म्हणाली.

मग तिने फडकं धुवायला घेतलं. नळ सोडला, साबण हातात घेतला, आणि पुन्हा जागेवर ठेवला. नुसत्या पाण्याने खळबळून, पिळून तिने ते खुर्चीच्या पाठीवर पसरलं. सकाळी ते वाळलं होतं आणि वास अजून तसाच होता. तिने त्याची चौकोनी घडी घातली, पुरणयंत्राची चकती त्यात गुंडाळली, आणि ‘स्वयंपाकघर’ लिहिलेलं खोकं ओलांडून ती पुरचुंडी हेमचंद्रच्या खोक्यातल्या नळ्यांवर ठेवली.