चार अंगठ्यांचं पान

चौथीच्या बाईंनी नियम करून ठेवला होता: चौघांत एक टॅब, आणि चौघांचे अंगठे वर झाल्याशिवाय गोष्टीचं एकही पान पक्कं करायचं नाही. सांगताना नियम फार शहाणा वाटला होता. वर्गात मात्र त्याने उच्छाद मांडला. गोष्टीचा विषय होता, दोस्त गळ घालतात तेव्हा 'नाही' कसं म्हणायचं. आणि प्रत्येक बाकावर पोरं एकमेकांच्या मानगुटीवर बसून एकमेकांना 'हो' म्हणायला लावत होती!

खिडकीजवळच्या गटाचं शेवटचं पान अडलं होतं. चित्र तयार होतं, फक्त आवाज भरायचा होता. गटाचा पुढारी, ज्याला अख्खा वर्ग 'साहेब' म्हणायचा, त्याला शेवट झोकात हवा होता. गोष्टीतली मुलगी भिंतीवरून उडी मारायला ठाम नकार देते आणि सगळे टाळ्या वाजवतात. बाकी दोघांचे अंगठे लगेच वर गेले. चौथ्या मुलीचा, चिमणीचा, काही जाईना.

"टाळ्या नाही वाजवत कोणी," ती म्हणाली. "निघून जातात. मग तिला डबा एकटीने खावा लागतो."

"असला रडका शेवट कोण ऐकणार?" साहेब म्हणाला. "कर ना गं अंगठा वर. सगळ्यांनी केलाय."

हे ऐकून बाईंनाही एक भिंत आठवली, त्यांच्या शाळेमागची. वर बसलेली जिवाभावाची मैत्रीण हात पुढे करून म्हणत होती, "ये ना गं, भित्रे!" त्या नाही म्हणाल्या. मैत्रिणीने कट्टी घेतली, आणि बट्टी व्हायच्या आत तिच्या वडिलांची बदली झाली. पुढे आयुष्यात भांडणं काय कमी झाली? पण सलते ती ही एकच कट्टी. तिची सुटलेली रिबन, दोघींची दप्तरं आळीपाळीने एकेकीने वाहायची ती गंमत, तिचं ते फिदीफिदी हसणं! बाईंना ते सगळं इतकं हवंहवंसं झालं की क्षणभर वर्गाचा विसर पडला.

"मग आमची तुझ्याशी कट्टी," साहेबाने निकाल दिला.

"घ्या. माझा अंगठा खालीच."

बाई पुढे सरसावल्या आणि थबकल्या. बोलणार काय, कपाळ? नियम त्यांचाच होता.

रागारागाने साहेबाने टॅब ओढला आणि त्याचा चेहरा पडला. आवाज भरायचं बटण उतावळेपणात त्यानेच आधी दाबलं होतं, ते अजून चालूच होतं. त्याने ऐकून पाहिलं. "कर ना गं अंगठा वर. सगळ्यांनी केलाय." मग कट्टी. मग चिमणीचा बारीक आवाज. त्यानंतर नुसती पंख्याची घरघर.

साहेबाचे कान लाल झाले. "बाई, शेवटच्या पानाला हाच आवाज ठेवू?"

"मला काय विचारतोस? गटाला विचार."

तो चिमणीकडे वळला. "अंगठा?"

"आधी बट्टी म्हण."

"बट्टी," तो खाली बघत पुटपुटला. मग तिचा अंगठा वर गेला.

बाईंनी पोरांकडे पाठ केली आणि कोराच फळा पुसत राहिल्या. एवढा एकच शब्द हवा होता गं मला तुझ्याकडून, त्या मनात त्या मैत्रिणीला म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.