समोरचा बोलीवाला

धर्मपाल मेश्राम रेल्वेतून निवृत्त झाले, त्याला आठ वर्षं झाली. सत्त्याऐंशी साली त्यांच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा तो शिकायला एकट्या त्यांनाच कलकत्त्याला पाठवलं होतं. तसले जुने कॉम्प्युटर ऑनलाइन लिलावात मिळतात हे गेल्या वर्षी त्यांना कळलं आणि घरात खोकी येऊ लागली. अठरा हजारांचा बंद प्रिंटर आला. मग अकरा हजारांचा कीबोर्ड, चार बटणं गायब असलेला.

"चेतना, तूच काही कर," आई म्हणाली. "माहं तर ऐकतच नाहीत."

चेतना समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिने बाबांना समजावलं, भांडून पाहिलं, पासवर्डसुद्धा बदलला. बाबांनी नवं खातं उघडलं.

एका रविवारी त्या सत्त्याऐंशीच्या मॉडेलचाच कॉम्प्युटर लिलावात आला. चेतनाने ठरवलं, आपणच दुसऱ्या नावाने बोली लावायची. वीस हजारांपर्यंत बाबा माघार घेतील. वस्तू आपल्यावर पडली तरी विकून टाकू, निदान बाबांचा हा नाद तरी सुटेल.

लिलाव चार वाजता संपायचा होता, पण शेवटी नवी बोली आली की पाच मिनिटं वाढायची. चौदा हजारांवर बाकी सगळे गळाले. चेतनाने आतल्या खोलीतून पंधरा लावले. बाहेरून बाबांनी सोळा.

वीस झाले. पंचवीस झाले.

"कोनीतरी मांगंच लागला आहे माह्या!" बाबा ओरडले. "पण सोडत नाही मी त्याले."

ती धावत बाहेर आली. "बाबा, जाऊ द्या ना. कोणी अमीर आदमी असेल."

"काहून जाऊ देऊ? त्याले या मशीनचं काय मालूम?"

ती परत आत गेली. तिच्या कार्डावर चाळीस हजार होते. तेवढे तिने लावले. क्षणात बाबांचे एकेचाळीस आले. तिच्याकडे आणखी काही नव्हतं. पाच मिनिटं ती नुसती आकडे बघत बसली.

"हरवलं त्याले!" बाहेर बाबा टाळ्या वाजवत होते. आई बुद्धमूर्तीपुढे हात जोडून उभी होती.

चौदा हजारांचं मशीन एकेचाळीस हजारांना आलं, आणि ते सुरूच झालं नाही. शंकर नगरचा दुरुस्तीवाला बघून गेला. "अंकल, इसका पार्ट अब नहीं आता."

बाबा त्या काळ्या पडद्यासमोर बसले. मग म्हणाले, "मले शंका होतीच, पोरी. फोटोत मशीन चालू नव्हतं दाखवलं. पण तो मानूस एवढा मांगं लागला ना, तर वाटलं, चीज नक्की चांगली असन. नाहीतर कोन एवढे पैसे लावते?"

चेतनाने मशीनचा प्लग काढला.

"तू त्या विकणाऱ्याले लिही," ते म्हणाले. "माहं इंग्रजी कच्चं आहे."

तिने लिहिलं. तासाभरात उत्तर आलं: माल आहे तसाच विकला होता, परत घेतला जाणार नाही. तिने ते मराठीत वाचून दाखवलं.

"आनखी एकदा लिही," बाबा म्हणाले. "नीट समजावून लिही, म्हातारा मानूस आहे म्हन."

ती पुन्हा लिहू लागली.