उताराआधीचे ब्रेक

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी आणि माझ्या बहिणीने ठरवून टाकलं होतं, की तिने आता घोड्यांचा ट्रेलर ओढायचा नाही. तिला विचारलं नव्हतं. जुलैतल्या त्या शनिवारी ग्रेबुलच्या रोडिओला, घोड्यावरून जोडीने गोऱ्ह्याला दोर टाकायच्या स्पर्धेला, निघालो, तर ती माझ्याआधीच स्टीअरिंगमागे बसलेली. वय अडुसष्ट. मी मुकाट्याने शेजारी बसलो. मागे ट्रेलरमध्ये दोन घोडे.

बिगहॉर्न डोंगराचा उतार लागण्याआधी सपाटीवर तिने वेग पंचवीसवर आणला आणि डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरची कळ दाबली. त्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून कुणी शेपूट धरून ओढल्यासारखं वाटायला हवं. काहीच वाटलं नाही.

"हा ब्रेकच्या जोराचा आकडा नऊवर कुणी नेला?"

"मीच. ब्रेक धरत नव्हते म्हणून वाढवला."

"मे महिन्यात नवे लायनर घातलेस. दोनशे मैलांनंतर ब्रेक परत आवळलेस?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"ब्रेकच सैल, तर आकडा वाढवणं म्हणजे बहिऱ्यापुढे ओरडणं, लाईल," म्हणत तिने गाडी कडेच्या मोकळ्या जागेत घेतली.

"आई, बाराला नावनोंदणी बंद होते. खालच्या गियरमध्ये सावकाश उतरू."

"मागून तीन टन ढकलायला लागले की सावकाश उतरणं आपल्या हातात राहत नाही."

"मग सरक, मी चालवतो."

तिने किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली, वर बटण लावलं. "घोडे उतरव."

घोडे कुंपणाला बांधले, चाकांना दगड लावले, एक बाजू जॅकवर उचलली. ती दुखरा पाय लांब करून घोंगडीवर आडवी झाली. चाकामागच्या फटीतून पट्टी घालून आतलं दातेरी चक्र फिरवलं. चाक अडेपर्यंत आवळायचं, मग जेमतेम घासेल इतकं सैल करायचं.

शेजारी उभ्या कॅरॅव्हॅनमधला एक गृहस्थ कॉफी घेऊन आला. मला म्हणाला, "म्हातारीला खाली घालून तुम्ही उभे?"

"म्हातारी आपल्या पायांनी खाली गेलीय," ट्रेलरखालून आवाज आला. "तुमचे ब्रेक कधी बघितलेत? उतार तुम्हालाही आहे."

तो कॉफी घेऊन परत गेला.

तिसरं चाक तिने मला करायला लावलं. हाताने फिरवून बघितलं आणि म्हणाली, "सैल आहे. परत कर." मी परत केलं. साडेअकरा वाजले होते. मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

घोडे चढवून सपाटीवर पुन्हा कळ दाबली. आता आकडा साडेपाचवर असतानाच ट्रेलरने असं मागे खेचलं, की माझा पट्टा छातीला रुतला. तिने आकडा पाचवर आणला आणि उतार धरला. वळणावळणाला ट्रेलर आमच्यामागे शहाण्यासारखा येत होता. मला ते कळत होतं.

पोहोचायला सव्वा वाजला. नोंदणी बंद. माझा जोडीदार दुसऱ्याच कुणाबरोबर मैदानात उतरला होता.

"झालं समाधान?" मी म्हणालो.

"झालं."

दोन बर्गर घेऊन ती कठड्याशी आली. एक माझ्या हातात दिला. वर्षभर ज्या फेरीची तयारी केली, तीत माझ्या जागी दुसराच कुणी दोर फेकत होता. मी खाल्लं नाही. मग भूक लागली तेव्हा खाल्लं.

"पुढच्या वर्षी लवकर निघू," ती मैदानाकडे बघत म्हणाली. "मी चालवेन."